पालनपोषण

मराठी भाषेने पालीची मोठी कुचेष्टा केली आहे. भूपाल, गोपाल, राज्यपाल, लोकपाल, महापालिका अशा भारदस्त शब्दांत तिला मानाने बसवायचं आणि ती स्वतः भिंतीवर दिसली की मात्र केरसुणी शोधायची! मनात शंका आपल्याला येते, चुकचुकायचं काम तिच्याकडे. माणसं कुत्रा पाळतात, मांजर पाळतात, पोपट पाळतात, पथ्य पाळतात, क्वचित कोणी दिलेला शब्दसुद्धा पाळतो. पण पाल पाळणारा माणूस वयाच्या ६८ व्या वर्षापर्यंत माझ्या पाहण्यात आला नव्हता. आला तो थेट माझाच नातू निघाला.

आमच्या डोंबिवलीच्या घरात पाली नाहीत असं नव्हे. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे एक जोडपं तर आम्ही जागा घेतली तेव्हापासून राहतं. पण त्यांना आम्ही पाळलंय असं कोणी म्हणणार नाही. पोटभाडेकरूंना कोणी पाळत नाही. ते राहतात. आपण त्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांनी आपल्या डोक्यावर पडायचं नाही, एवढाच करार. तो मोडला तर काय होतं यासाठी आपल्या पंचांगात 'पल्लीपतन' असा खास मजकूर असतो. डोक्यावर पडली तर हे फळ, उजव्या खांद्यावर पडली तर ते फळ. पंचांगकर्त्याने शरीराचा एक अवयव सोडलेला नाही. पण घरातली पाल दहा दिवस जेवलीच नाही तर काय फळ, हे मात्र एकाही पंचांगात दिलेलं नाही. ते आम्ही २०२३ साली अमेरिकेत अनुभवाने शिकलो.

त्या वर्षी मेअखेरीस आम्ही उभयता न्यू जर्सीतल्या एडिसन गावी चिरंजिवांकडे सहा महिन्यांसाठी जाऊन उतरलो. एडिसन अमेरिकेत आहे हे विमानाच्या तिकिटावर लिहिलेलं असतं म्हणून मानायचं. बाकी कोथिंबीर, कढीपत्ता, पाणीपुरी, रांगोळी आणि 'काय म्हणता, कधी आलात?' असं दुकानात विचारणारी माणसं, सगळं यथास्थित आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी सूनबाई चिरंजिवांना म्हणाली, "शनिवार आहे, क्रिकेट आणायला विसरू नकोस. दोन डझन लागतील."

सौ.ने कपाळाला हात लावला. "इथेही क्रिकेट आहेच का?" माझ्यापायी चाळीस वर्षं तिने तो खेळ सोसला आहे. दोन डझन हा हिशेब एका परीने बरोबर होता. अकरा-अकराचे दोन संघ आणि दोन पंच. तासाभराने चिरंजीव एक पिशवी घेऊन आले आणि तिच्यात दोन्ही संघ पंचांसकट उड्या मारत होते. अमेरिकेत क्रिकेट म्हणजे रातकिडा. आणि रातकिडा म्हणजे मँगोचं जेवण.

मँगो हे त्या पालीचं नाव. "पाल नाही आजोबा, गेको!" नातवाने मला पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं. "क्रेस्टेड गेको." त्यातून तो नर. पाल हा शब्द स्त्रीलिंगी, मँगो पुल्लिंगी, त्यामुळे सहा महिने माझ्या व्याकरणाची जी ओढाताण झाली ती वेगळीच. नातवाच्या वर्गातल्या एका मुलाचं कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेलं, तेव्हा जाताना त्यांनी मँगो, त्याची काचेची पेटी आणि त्याच्या सवयी असं सगळं या घरात सोडलं होतं. पेटी दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. आत फांद्या, वेली, मुंबईत एक्स्चेंज ऑफर नसतानाही कोणी घेऊन जाईल अशी हवेशीर जागा.

दिसायला तो आपल्या पालीसारखा मुळीच नव्हता. पिकल्या पपईचा रंग, डोळ्यांवरून पाठीकडे गेलेली बारीक काट्यांची झालर. त्यामुळे तो कायम पापण्यांना काजळ लावून लग्नाला निघाल्यासारखा दिसे. पापण्या म्हणावं तर त्याला पापण्याच नाहीत. डोळ्यांत काही गेलं की जीभ बाहेर काढायची आणि डोळा चाटून पुसायचा. पायाच्या तळव्यांना लाखो सूक्ष्म तंतू, त्यामुळे गुळगुळीत काचेवर तो उभा चढे. यात डिंकबिंक काही नसतो, निव्वळ रेणूंमधलं आकर्षण, हे शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं म्हणे. आणि एक महत्त्वाचं. आपल्या पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. याची एकदा गेली की गेली. त्यामुळे पेटी पुसताना सूनबाई असा श्वास रोखून हात घाली की जणू आत सासूबाईंचं मंगळसूत्र ठेवलंय.

त्याचं मूळ गाव न्यू कॅलेडोनिया. हे पॅसिफिक महासागरात, फ्रेंचांच्या ताब्यात. १८६६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जातीची पहिली नोंद केली, पुढे ती कोणाला दिसेना म्हणून नामशेष झाली असं धरून चालले, आणि १९९४ साली ती तिथेच सापडली. ती कुठे गेलीच नव्हती. पेन्शनीत निघालेल्या माणसाला हे समजायला जड जात नाही. आता तिथून पकडून बाहेर न्यायला बंदी आहे, पण घरोघरी पैदास होऊन अमेरिकेत हा प्राणी इतका झालाय की मुलाच्या वाढदिवसाला देतात.

न्यू कॅलेडोनियात उकाडा फार नसावा. कारण मँगोला २७-२८ अंशांच्या वर गरम झालं की त्रास होई. म्हणून ऐन जुलैत त्या घराचं तापमान मँगोच्या प्रकृतीवर ठरे आणि मी डोंबिवलीहून 'लागेल कदाचित' म्हणून नेलेला स्वेटर घालून सोफ्यावर बसे.

आता या क्रिकेटप्रकरणाचा व्याप सांगतो. रातकिडे आणले आणि पालीपुढे टाकले, इतकं ते सोपं नसतं. आधी रातकिड्यांना जेवायला घालावं लागतं. त्यांना गाजर, बटाटा आणि एक विशेष भरड, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी पालीला मिळणार. रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. नुसते किडे खाल्ले तर पालीची हाडं ठिसूळ होतात, जबडा मऊ पडतो. म्हणून एका पिशवीत किडे घ्यायचे, त्यावर कॅल्शियमची पांढरी पूड टाकायची आणि पिशवी हलवायची. बोंबील रव्यात घोळवावेत तसे ते घोळून निघाले की पेटीत सोडायचे. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. हे माप रोज माझा नऊ वर्षांचा नातू डोळे बारीक करून घेई. त्याच्या लग्नात मुलगी बघताना तो इतकं बारकाईने बघेल असं मला वाटत नाही.

आणि उरलेले किडे रात्रभर गात. नरच गातात. मादी ऐकून घेते. आमची झोपायची खोली नेमकी त्यांच्या डब्याच्या वर. चिरंजिवांनी मला दिलासा दिला, "बाबा, डॉल्बेअर नावाच्या माणसाने १८९७ मध्ये लिहून ठेवलंय. पंधरा सेकंदांत रातकिडा किती वेळा ओरडतो ते मोजायचं, त्यात ४० मिळवायचे की फॅरनहाइटमधलं तापमान येतं." मी रात्री अडीच वाजता मोजलं. उत्तर १३१ आलं. सकाळी कळलं की तो नियम झाडावरच्या एका निराळ्या जातीच्या रातकिड्याला आणि तोही एकटा गात असेल तर लागू आहे. चोवीस जणांच्या भजनी मंडळाला नाही.

तरीही हे असंच चाललं असतं. पण १८ जुलैला श्रावण लागला, आणि तोही अधिक. म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत एकाला एक लागून दोन श्रावण. आमच्या घरात एरवी मासळी चालते, पण श्रावणात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर. सौ.ने पहिल्याच दिवशी देवापुढे दिवा लावला आणि देवघराच्या बरोबर समोर, काचेच्या पेटीत, मँगोने झेप घेऊन एका सलामीच्या फलंदाजाचा बळी घेतला. पाय बाहेर लोंबत होते.

"अहो," सौ. म्हणाली, "श्रावणात घरात हत्या?"

सौ. पालीला भिते असं मानू नका. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात छतावर सोन्याची आणि चांदीची पाल आहे. त्यांना हात लावला की पालीचा दोष जातो अशी समजूत आहे. तिथे रांगेत उभं राहून तिने दोन्हींना हात लावून घेतलेला आहे. तिचं म्हणणं एवढंच होतं की बाहेर अमेरिकेत काय ते चालू दे, या चार भिंतींत श्रावणभर हलतं-बोलतं काही मारायचं नाही. सूनबाईने आश्चर्य म्हणजे लगेच मान डोलावली. पुढे मला कळलं की ती एका वर्षापासून हेच निमित्त शोधत होती. ऑगस्टमध्ये नायगराला जायचं ठरलं होतं (आईवडील आले की नायगराला नेणं हा अमेरिकेतल्या मुलांचा सोळावा संस्कार आहे), आणि चोवीस जिवंत किड्यांची जबाबदारी घ्यायला शेजारच्या तेलुगू वहिनींनी नम्र पण ठाम नकार दिला होता.

मग डॉक्टर. सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेगळा डॉक्टर असतो. त्याच्या दवाखान्यात आमच्या एका बाजूला कासव घेतलेली आजी आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात अजगर घातलेला तरुण होता. मी आयुष्यात इतका ताठ कधी बसलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, कल्पना उत्तम आहे. ही जात मुळात रानात पिकलेली फळं, फुलांतला मध आणि किडे असं सगळंच खाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्यासाठी तयार पूड निघाली आहे. फळं, प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम असं सगळं त्यात असतं. पाण्यात कालवायची आणि वाटीत ठेवायची. नीट बनवलेली असेल तर नुसत्या किड्यांपेक्षा ती बरी. "मात्र," ते म्हणाले, "हे सगळ्या पालींना चालत नाही." अंगावर ठिपके असलेली जी लेपर्ड गेको लोक पाळतात, ती अस्सल कीटकभक्षक. तिला फळांची पूड देणं म्हणजे वाघाला साबुदाण्याची खिचडी. आमच्या ट्यूबलाइटमागच्या जोडप्याचंही तेच. तेव्हा कोणी हा लेख वाचून आपल्या भिंतीवर केळं ठेवू नये.

तरण्याताठ्या धडधाकट गेकोने आठ-दहा दिवस खाल्लं नाही तरी बिघडत नाही, असंही ते म्हणाले. पाणी मात्र रोज फवारायचं. वजन दोन दिवसांनी घ्यायचं. दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं तर फोन करायचा. तोंड जबरदस्तीने उघडायचं नाही. आणि मधूनच दया येऊन किडे द्यायचे नाहीत, नाहीतर तो त्यांचीच वाट बघत बसेल.

पूड आली. एक भाग पूड, दोन भाग पाणी, टोमॅटो सॉसइतकं दाट. सौ.ने वास घेतला आणि म्हणाली, "हे आपलं नाचणीसत्त्वच की!" चुलीच्या मापातली गोष्ट निघाल्यामुळे तिला हुरूप आला. गुठळी न होऊ देता ते कालवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. रात्री आठ वाजता त्या घरात दोन वाट्या भरल्या जात. एक मँगोची आणि दुसरी माझी. मधुमेहापायी माझा रात्रीचा भात बंद करून सूनबाईने मला ओट्सवर आणलं होतं. फ्रिजवर लोहचुंबकाने दोन तक्ते लावले होते. एकावर मँगोचं वजन, एकावर माझी साखर. पाहुण्यांना कोणता कोणाचा हे सांगावं लागे.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मँगोचं वजन भरलं ३३ ग्रॅम. "अधिकात तेहेतीसच!" सौ. हरखली. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देतात, तेव्हा हा आकडा तिला शुभशकुन वाटला. मँगोने वाटीकडे पाहिलं, स्वतःचा डोळा चाटला आणि फांदीमागे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला त्याची अडचण कळत होती. त्याला ते आवडत नव्हतं असं नाही. ते अन्न आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. जन्मापासून त्याच्या लेखी जे हलतं ते अन्न. वाटीतली ती लापशी हलत नव्हती, पळत नव्हती, गात नव्हती. समोर ठेवलेल्या ओट्सकडे बघताना माझ्याही मनात नेमकी हीच भावना असे.

चौथ्या दिवशी चव बदलली. पीच झालं, केळं झालं, कलिंगड झालं. शेवटी आंब्याची आणली. मँगोने आंब्यालाही तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती केली. नाकपुड्या चुकवून तोंडाच्या टोकाला पुडीचा ठिपका लावायचा. ही जात तोंडाला काही लागलेलं राहू देत नाही, चाटून टाकते. त्याने चाटलं. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा लावलं, पुन्हा चाटलं. तिसऱ्यांदा त्याने उडी मारून छत गाठलं. म्हणजे जेवण नव्हे, तीर्थ झालं. त्याच रात्री सौ. चमचा घेऊन पेटीपाशी बसली आणि तो चमचा किड्यासारखा थरथरवत, आमच्या चिरंजिवांना ज्या चिऊकाऊच्या घासांनी वाढवलं तेच घास त्याला भरवू लागली. चिऊचा घास, काऊचा घास. मँगो टक लावून बघत होता. या घासांतला काऊ पाली खातो हे मी तिला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी काटा ३१ वर आला. नवव्या दिवशी ३० वर.

इथपर्यंत मी हे सगळं गमतीने बघत होतो. पण घरात गंमत उरली नव्हती. नातू शाळेला सुटी असूनही सकाळी सहाला उठून पेटीपाशी जाई, वाटी जशीच्या तशी बघून परत अंथरुणात जाऊन पडे. त्याचंही जेवण निम्म्यावर आलं. नवव्या रात्री पानात भाजीचा डोंगर तसाच ठेवून, कोणाकडेही न बघता, अगदी शांतपणे त्याने विचारलं, "आजी, तू इंडियाला परत गेलीस की त्याला क्रिकेट देता येतील ना?"

सूनबाई त्याच्यावर ओरडली. चिरंजीव ओरडले. सौ. काहीच बोलली नाही. तिने त्याच्या पानातली भाजी स्वतःच्या पानात घेतली आणि जेवली. वर्षभर दिवस मोजून, गुडघ्याला पट्टे बांधून, अठरा तास विमानात बसून ती ज्या पोराला भेटायला आली होती, ते पोर आता तिच्या जायचे दिवस मोजत होतं. रात्री मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. "झोपा," ती म्हणाली. "लहान आहे तो. आणि बरोबर आहे त्याचं."

सकाळी पोथी वाचून झाल्यावर तिने चिरंजिवांना बोलावलं. "क्रिकेट घेऊन ये."

"आई, अगं पण श्रावण..."

"श्रावण माझा आहे. त्याचा नाही."

एवढं बोलून ती कणीक मळायला गेली. चाळीस वर्षांत मी बऱ्याच विद्वानांची धर्मावरची व्याख्यानं ऐकली, खुर्च्यासुद्धा लावल्या. असं दोन वाक्यांत कोणी आटोपलेलं आठवत नाही.

चिरंजिवांनी डॉक्टरांना फोन केला. आता त्यांनी मधला मार्ग काढला. जिवंत किडे सोडायचे नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवून मेलेले किडे कुटून पुडीत कालवायचे, म्हणजे वास ओळखीचा येईल, आणि मग हळूहळू त्यांचं प्रमाण कमी करायचं. ही कुटाई चिरंजिवांनी गॅरेजमध्ये, दार लावून, एका दगडाने केली. सॉफ्टवेअरमधला माणूस, घाम पुसत बाहेर आला. सहा किडे पडले होते. ते सौ.ने नेहमीच्या पुडीत कालवले. सोवळ्याचं काय केलंस, असं मी विचारलं नाही.

मी रात्री दोनदा उठतो. मधुमेहाचा हा एक नियमितपणा आहे. त्या रात्री अडीचला उठलो तेव्हा खालच्या खोलीत अंधार होता, फक्त जिन्याच्या दिव्याची तिरीप पेटीवर पडली होती. मँगो काचेला उलटा चिकटला होता, डोकं खाली वाटीत, आणि एक बारीक गुलाबी जीभ एका लयीत आत-बाहेर करत होती. मी "अरे!" म्हणणार इतक्यात जिन्याच्या खालच्या पायरीवरून आवाज आला, "हळू बोला. जेवतोय तो."

सौ. शाल पांघरून बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून नातू झोपला होता. दोघं केव्हापासून तिथे होती कोणास ठाऊक. मी वरच्या पायरीवर बसलो. कोणी जेवत असताना असं गुपचूप बघू नये हे खरं, पण त्या रात्री आम्ही दोघं पाऊण तास बघत होतो.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. सहाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक, आणि साधारण तीन आठवड्यांत नुसती पूड. चव त्याला शेवटी अंजिराची आवडली, आंबा नाहीच. नायगराला आम्ही तीन रात्री राहून आलो. तेलुगू वहिनी दिवसाआड वाटी बदलून गेल्या, आणि परत आलो तेव्हा ती चाटूनपुसून लख्ख होती. धबधबा चांगला आहे. पाणी खूप आहे. सौ. संपूर्ण वेळ घड्याळात बघून "आता त्याची वाटी ठेवली असेल" असं म्हणत होती.

पुडीचा दुसरा डबा आला तेव्हा मी चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर वाचला. पेन्शनर माणूस लेबलं वाचतो, त्याला दुसरं काम नसतं. अंजीर, केळं, अंड्याची भुकटी, आणि त्यापुढे अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत 'वाळवलेल्या माशीच्या अळ्या'. निज श्रावण अजून अर्धा बाकी होता. मी डबा फडताळात मागे सरकवून ठेवला.

"कळलंय मला," सौ. कालवता कालवता म्हणाली. "सूनबाईने कधीच वाचून दाखवलंय."

"मग?"

"ते हलतंय का? नाही ना? मग झालं."

मी त्यावर विचार करत राहिलो. मँगोच्या लेखी जे हलत नाही ते अन्न नव्हे, सौ.च्या लेखी जे हलत नाही ती हत्या नव्हे, आणि त्या एका वाटीत दोघांचं जमलं होतं. डब्यावर हे छापायला हरकत नव्हती.

१५ सप्टेंबरला श्रावण संपला. गणपती विसर्जन झाल्यावर मी इमानाने सुरमई खाल्ली. मँगोला मात्र कायमचा चातुर्मास लागला. उरलेल्या क्रिकेटपैकी एकजण आधीच्या धावपळीत पळून फ्रिजमागे राहायला गेला होता. तो रात्री गाऊ लागला की मँगो पेटीत मान वळवून ऐकत राही. नातवाने त्याला पकडायचं ठरवलं, तर सौ. म्हणाली, "असू दे रे. तो काय मागतोय?" रोज ती गाजराचा एक तुकडा फ्रिजखाली सरकवी. त्याने किती दिवस गायलं ते लक्षात नाही, आम्ही नोव्हेंबरात निघालो तेव्हा तो गात नव्हता.

आता दर रविवारी सकाळी व्हिडिओवर भेट होते. नातू आधी मोबाइल पेटीवर धरतो, मग काट्यावर, मग स्वतःवर. गेल्या रविवारी मँगो ४१ ग्रॅम भरला. सौ.ने ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं. मग नातवाने विचारलं, "आजोबा, आता तुमचं किती?" तेवढ्यात आमच्याकडची रेंज गेली.